विश्लेषण : पडद्यावर उडणारं नागपूर किती खरं?

प्रकल्पांचे चकचकीत 'फ्लाय-थ्रू' व्हिडिओ रोज मोबाइलवर येतात. ते कसे बनतात, त्यात मोजलेलं किती आणि रंगवलेलं किती, आणि हा कॅमेरा नागरिकांच्या हातात का हवा?

हा व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. कॅमेरा ढगांतून खाली येतो, वर्धा रोडवरून सरसर पुढे सरकतो, दोन पिलरच्या मधून घुसतो आणि गिरकी घेऊन एका नव्याकोऱ्या पुलासमोर थांबतो. रस्त्यावर खड्डा नाही, झाडं एकाच साच्यातून काढल्यासारखी, चौकात एकही ऑटो आडवा नाही. व्हॉट्सॲपच्या दहा ग्रुपवर तो फिरतो. अर्धे लोक म्हणतात, 'वा, नागपूर सिंगापूर होणार.' उरलेले विचारतात, 'हे नेमकं कुठलं नागपूर?'

दुसरा प्रश्न थट्टेने विचारला जातो, पण खरा प्रश्न तोच आहे. अशा व्हिडिओवर लोक प्लॉट घेतात, प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात मत बनवतात, जनसुनावणीत मान डोलावतात. तेव्हा या उडत्या कॅमेऱ्यामागे काय असतं, ते समजून घेतलेलं बरं.

फ्लाय-थ्रू म्हणजे नेमकं काय?

ड्रोनने काढलेला व्हिडिओ आणि फ्लाय-थ्रू यात मोठा फरक आहे. ड्रोनचा कॅमेरा खऱ्या हवेत उडतो आणि समोर असलेलंच टिपतो. फ्लाय-थ्रूमधला कॅमेरा मुळात नसतोच. संगणकात जमिनीचं, इमारतींचं किंवा एखाद्या खाणीचं त्रिमितीय मॉडेल असतं आणि त्यातून एक काल्पनिक कॅमेरा फिरवला जातो. म्हणूनच तो भिंतीतून आरपार जातो, जमिनीखाली उतरतो आणि अजून न बांधलेल्या स्टेशनच्या फलाटावर उभाही राहतो.

ही कल्पना नवी नाही. १९८७ मध्ये अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने लँडसॅट उपग्रहाची प्रतिमा उंचीच्या आकड्यांवर पसरवून लॉस एंजेलिसवरून उडण्याची छोटी फिल्म बनवली होती. तेव्हा त्यासाठी प्रयोगशाळेतले संगणक लागले. आज तेच काम 'गुगल अर्थ स्टुडिओ'सारख्या मोफत साधनाने ब्राउझरमध्ये होतं. 'क्यूजीआयएस' आणि 'ब्लेंडर' ही सॉफ्टवेअरही फुकट आहेत. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सुटीच्या दिवशी घरबसल्या रामटेकच्या गडावरून 'उडू' शकतो.

तो बनतो कसा?

सुरुवात होते आकड्यांपासून. प्रत्येक बिंदूचे तीन आकडे असतात : पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंची. हे आकडे उपग्रहाकडून येतात, ड्रोनच्या एकमेकांवर चढणाऱ्या फोटोंमधून गणिताने काढले जातात किंवा 'लायडार'मधून मिळतात. लायडारमध्ये विमानातून जमिनीकडे लेझरचे ठोके सोडतात आणि प्रकाश परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. एक किलोमीटर खाली जाऊन परत यायला प्रकाशाला जेमतेम ७ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्यावरून अंतर निघतं. एका ठोक्याचा काही भाग झाडाच्या शेंड्यावरून परततो, काही भाग पानांमधून खाली जाऊन जमिनीवरून परततो. त्यामुळे झाडाखालची जमीनही हाती लागते. हे लायडारचं मोठं बळ आहे.

या बिंदूंमधून पृष्ठभाग तयार होतो आणि त्यावर हवाई फोटो चादरीसारखा पसरला जातो. मग येतो कॅमेरा. बनवणारा वाटेत काही मोजक्या खुणा ठोकतो : इथे कॅमेरा इतक्या उंचीवर, तोंड या दिशेला, पाचव्या सेकंदाला तिथे. याला 'की-फ्रेम' म्हणतात. दोन खुणांमधली गुळगुळीत वाट संगणक गणिताने आखतो. सेकंदाला ३० चित्रं धरली तर मिनिटभराच्या व्हिडिओला १,८०० चित्रं लागतात. एकेक चित्र रंगवायला २० सेकंद लागले तरी सगळं मिळून १० तास होतात. रात्री संगणक चालू ठेवायचा आणि सकाळी व्हिडिओ उचलायचा, असा हा खेळ आहे.

महत्त्वाची गोष्ट त्या खुणांमध्ये दडलेली आहे. कॅमेरा कुठून जाईल, कुठे थांबेल आणि कुणाकडे पाठ फिरवेल, हे एका माणसाने ठरवलेलं असतं. उड्डाणपुलाच्या व्हिडिओत कॅमेरा पुलावरूनच जातो. पुलाखालच्या दुकानदाराच्या उंबऱ्यावर उभा राहून वर पाहिलं तर आकाश किती उरतं, हे तोच संगणक त्याच मॉडेलमधून दाखवू शकतो. पण तिथे खूण ठोकायला कुणी सांगितलेलं नसतं.

व्हीआरमध्ये वेगळं काय होतं?

मोबाइलच्या पडद्यावरचा फ्लाय-थ्रू तुम्ही बाहेरून पाहता. व्हीआर हेडसेट घातला की तुम्ही त्या आकड्यांच्या आत उभे राहता. मान वळवली की दृश्य वळतं, खाली वाकलं की पुलाच्या खालची बाजू दिसते. त्यासाठी संगणकाला दर सेकंदाला साधारण ९० चित्रं द्यावी लागतात, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी फक्त ११ मिलिसेकंद. व्हिडिओसाठी एका चित्राला २० सेकंद चालतात, इथे सेकंदाचा नव्वदावा भागच मिळतो. म्हणून व्हीआरमधली दृश्यं अनेकदा साधी, कमी तपशिलाची असतात.

दुसरी अडचण पोटाची. डोळे सांगतात की आपण उडतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण खुर्चीत बसलोय. हे भांडण मेंदूला झेपत नाही आणि मळमळ सुरू होते. घाटातल्या एसटीत शेवटच्या सीटवर बसणाऱ्यांना याची कल्पना असेल. २०१६ मध्ये आलेल्या 'गुगल अर्थ व्हीआर'ने यावर एक उपाय वापरला होता : वेगाने सरकताना दृश्याच्या कडा झाकायच्या आणि फक्त मधलं वर्तुळ उघडं ठेवायचं. वेग एकसारखा ठेवणं, गिरकी न घेणं आणि लांबच्या जागी उडत जाण्याऐवजी तिथे थेट 'उगवणं', हे इतर उपाय.

तिसरी गोष्ट, व्हीआरमधलं पाहणं रेकॉर्ड करून इतरांना दाखवायचं म्हटलं तर ते थेट जमत नाही. माणसाची मान सतत थोडी हलत असते. हेडसेट घातलेल्याला ते जाणवत नाही, पण तेच दृश्य पडद्यावर पाहणाऱ्याला दोन मिनिटांत गरगरायला लागतं. म्हणून जाणकार वेगळी युक्ती करतात. व्हीआरमध्ये शिरायचं, हातातल्या कंट्रोलरने हवेत खुणा ठोकत कॅमेऱ्याची वाट आखायची आणि मग त्या वाटेवरून स्थिर कॅमेरा फिरवून व्हिडिओ काढायचा. आपल्या मोबाइलवर दिसणारे ३६० अंशाचे व्हिडिओही याच वाटेने बनतात. त्यात तुम्हाला मान वळवायची मुभा असते, पाऊल पुढे टाकायची नसते. वाट दुसऱ्याची, नजर फक्त तुमची.

आकडे खरे असले तरी चित्र खोटं कसं होतं?

उत्तरासाठी लांब जायला नको, बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार पुरेसं आहे. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून तळापर्यंत सुमारे १५० मीटर खोल आहे. म्हणजे रुंदी खोलीच्या बारापट. घरातली १२ इंची थाळी घ्या आणि तिची कड फक्त १ इंच उंच आहे असं समजा. लोणारचा खरा आकार तो. पण व्हिडिओत थाळी कुणाला भावत नाही. म्हणून बनवणारा उंचीच्या आकड्यांना पाचने गुणतो आणि थाळीचं पातेलं होतं. बघणारा म्हणतो, 'बाप रे, काय खोल आहे!'

याला उंची फुगवणं म्हणता येईल. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण शुक्र ग्रहाचं. 'मॅगेलन' यानाने १९९० पासून रडारने शुक्राचा पृष्ठभाग मोजला आणि 'नासा'ने त्यावरून उडण्याचे व्हिडिओ काढले. त्यातल्या प्रसिद्ध दृश्यांत उंची तब्बल २२.५ पट फुगवलेली होती. सौम्य उताराचे ज्वालामुखी आकाशाला भिडणारे सुळके झाले. डेव्हिड मॉरिसन या शास्त्रज्ञाने तेव्हा उपरोधाने 'सपाट शुक्र संघटना' काढायला हवी, असं म्हटलं होतं. आकडे अचूक होते आणि गुणाकार किती केला ते सांगितलेलंही होतं. पण लोकांच्या डोक्यात चित्र राहिलं, तळटीप राहिली नाही.

गणित सोपं आहे. ५ अंशाचा उतार म्हणजे सायकल रेटता येईल असा रस्ता. उंची दहापट केली की तोच उतार ४१ अंशाचा दिसतो, म्हणजे दोर लावून चढावा असा कडा. उंची फुगवण्यात गैर काहीच नाही. नागपूरसारख्या डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या शहरात पाणी कुणीकडे वाहतं ते दाखवायचं तर थोडी फुगवावीच लागते. गैर आहे ते न सांगणं.

दुसरा सापळा तपशिलाचा. जगाच्या उंचीचे जे मोफत आकडे बहुतेक जण वापरतात, त्यांचा मोठा भाग फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने टिपलेला आहे. त्यात जमिनीचा एक चौकोन साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचा असतो, म्हणजे ९०० चौरस मीटर. आपल्या भाषेत, लेआउटमधले १,५०० चौरस फुटांचे सहा प्लॉट मिळून उंचीचा एकच आकडा. त्या आकड्यातली चूक १६ मीटरच्या आत ठेवायची, हे त्या मोहिमेचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात ती बऱ्याच ठिकाणी कमी निघाली, पण पुराच्या पाण्यात एक मीटरनेही घर वाचतं किंवा बुडतं. शिवाय ते रडार अनेकदा झाडांचे शेंडे आणि छपरं यांनाच जमीन समजतं. असल्या आकड्यांवर दीड मीटर रुंद नाला दिसणारच नाही. पण त्यांच्यावर ताजा, स्पष्ट उपग्रह फोटो पसरला की व्हिडिओ अगदी बारकाव्यांचा वाटतो. फोटोचा बारकावा डोळ्यांना दिसतो, उंचीचा ढोबळपणा दिसत नाही.

नागपूरकडे मोजमापाची काय पुंजी आहे?

नागपूरचं नातं मोजणीशी जुनं आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्ब्टन नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर आजही तिथे आहे. झिरो माइलला चार घोड्यांसोबत सेल्फी काढणाऱ्यांचं लक्ष शेजारच्या दगडाकडे जात नाही. १९०७ चा तो दगड समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो : १,०२०.१७१ फूट, म्हणजे जवळपास ३११ मीटर. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत उंची मोजून दगडात कोरून ठेवणारं हे शहर आहे.

आजचं चित्रही कमी नाही. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचं मुख्यालय नागपुरात आहे. 'इस्रो'चं मध्य भारताचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र इथेच, अमरावती रोडवर आहे. जमिनीचा अभ्यास करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो इथे आहे. 'नीरी' इथे, भारतीय खाण ब्युरो इथे, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालयही इथेच. 'महामेट्रो'ने नागपूर मेट्रोसाठी 'फाइव्ह-डी बिम' पद्धत वापरली. यात त्रिमितीय मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च असे आणखी दोन पदर जोडलेले असतात. मुंबई-नागपूर बुलेट ट्रेनच्या प्रस्तावित मार्गाचं हवाई लायडार सर्वेक्षण मार्च २०२१ मध्ये सुरू झालं, कारण पायी मोजणीला लागणारं महिन्यांचं काम त्यात आठवड्यांवर येतं. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते, आणि राज्यातला त्याचा पहिला प्रयोग त्याआधीच पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीत झाला होता.

म्हणजे माणसं आहेत, यंत्रं आहेत, आकडेही आहेत. मग या सगळ्यातून सामान्य नागपूरकराच्या मोबाइलवर काय पोहोचतं? बहुतेक वेळा उद्घाटनाच्या आधीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, पार्श्वसंगीतासह.

ज्या फ्लाय-थ्रूची नागपूरला खरी गरज आहे

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूर विसरलेलं नाही. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठ सोडले. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी आणि परिसरातल्या घरांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. मोर भवनच्या बसस्थानकात बस पाण्यात उभ्या राहिल्या. लष्कराला बोलवावं लागलं. किमान चार जणांचा जीव गेला आणि हजारो घरांचं नुकसान झालं. तलावाच्या सांडव्याजवळच्या बांधकामाचा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला.

१०० मिलिमीटर हा आकडा बातमीत छोटा दिसतो. एका चौरस किलोमीटरवर तेवढा पाऊस पडला तर १ लाख घनमीटर पाणी होतं, म्हणजे १० कोटी लिटर. ते कुठून येतं, कुठे अडतं आणि कोणत्या गल्लीत पहिलं शिरतं, हे नकाशावरच्या समोच्च रेषांवरून इंजिनीअरला कळतं. मध्यमवयीन शिक्षिकेला, किराणा दुकानदाराला किंवा तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजीला कळत नाही. त्यांना कळेल असं माध्यम हेच : अंबाझरीच्या भिंतीपासून निघून नाग नदीच्या पात्रातून डोळ्यांच्या उंचीवरून बर्डीपर्यंत जाणारा कॅमेरा, आणि शेजारी दर दहा मिनिटांनी वाढत जाणारं पाणी.

हे बनवणं मात्र सोपं नाही, हेही सांगायला हवं. सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे मॉडेलमध्ये पाण्याचा सपाट पडदा वर-वर सरकवायचा आणि काय बुडतं ते पाहायचं. न्हाणीघरातला टब भरावा तसं. पण पूर टबसारखा भरत नाही. पाणी वाहतं, पुलापाशी तुंबतं, रस्त्याला नदी समजून धावतं. त्यासाठी प्रवाहाचं गणित करावं लागतं. शिवाय वरून घेतलेल्या आकड्यांत पूल हा नदीत आडवी बांधलेली भिंत वाटतो. तो मॉडेलमध्ये हाताने 'कापून' खालून वाट करून द्यावी लागते, नाहीतर संगणक प्रत्येक पुलामागे एक खोटा तलाव दाखवतो. भूमिगत गटारं तर विमानातून दिसतच नाहीत, त्यांचे नकाशे महापालिकेच्या कपाटातून काढावे लागतील. हे सगळं केलं तरच तो व्हिडिओ कामाचा. नाहीतर तोही सिनेमाच.

राज्यात नदीकाठी दोन पूररेषा आखायची पद्धत आहे : सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. कागदावर या रेषा बांधकाम परवानगीपुरत्या उरतात. घरासमोरच्या विजेच्या खांबावर निळं पाणी गुडघ्याला आणि लाल पाणी छातीला, असं चित्र एकदा दिसलं की प्लॉट घेणारा वेगळे प्रश्न विचारू लागेल.

आणि इथेच खरी अडचण आहे. तंत्राची अडचण सुटते, पैशांची सोय होते. पण पूर दाखवणाऱ्या व्हिडिओने काही भागांतल्या जमिनीचे भाव पडतील, काही परवानग्यांवर बोट ठेवलं जाईल. न बांधलेल्या पुलाचा व्हिडिओ कुणाला दुखवत नाही. येऊन गेलेल्या पुराचा व्हिडिओ अनेकांना दुखवेल. म्हणून पहिला सहज बनतो आणि दुसऱ्याची वाट पाहावी लागते.

बिल्डरला एक नियम, सार्वजनिक प्रकल्पाला दुसरा?

बेसा, मिहान, जामठा परिसरातल्या योजनांचे 'थ्रीडी वॉकथ्रू' आपण पाहतोच. तिथे निदान कायद्याचा आधार आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाई मागता येते, आणि कायद्यातली जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमापर्यंत पोहोचते. 'महारेरा'ने १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या आणि मुदत समोर येते.

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रकल्पाच्या व्हिडिओला एवढंही बंधन का नसावं? आमच्या डिजिटल डेस्कवर असे व्हिडिओ सतत येतात आणि आम्ही ते वाचकांपर्यंत पोहोचवतो. त्यावर 'हे काल्पनिक चित्र आहे' एवढी ओळ असली तरी खूप झालं, अशी परिस्थिती असते. वापरलेले आकडे कोणत्या वर्षाचे, उंची किती पट फुगवली, झाडं खरी की सजावटीची, यातलं काहीच नसतं. यात आम्हा माध्यमांचाही वाटा आहे. 'पाहा व्हिडिओ' असं लिहून पुढे ढकलणं सोपं असतं, आणि क्लिकही त्यालाच मिळतात.

मग मागायचं काय?

माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. पहिली : सार्वजनिक प्रकल्पाच्या प्रत्येक फ्लाय-थ्रूवर, अगदी पडद्याच्या खालच्या पट्टीत, चार ओळी सक्तीच्या असाव्यात. आकडे कधीचे, किती बारकाव्याचे, उंची किती पट, आणि काय मोजलेलं व काय कल्पिलेलं. मोजलेलं एका रंगात आणि कल्पिलेलं दुसऱ्या रंगात दाखवणं हे बनवणाऱ्यासाठी काही मिनिटांचं काम आहे.

दुसरी : जनसुनावणीत हा कॅमेरा लोकांच्या हाती द्यावा. पर्यावरणविषयक २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्प अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. हेतू हाच की गावकऱ्याला कळावं. मग खाणीचा ढिगारा गावाच्या कोणत्या बाजूला किती उंच होणार, हे त्याला स्वतःच्या अंगणातून पाहता आलं तर तो हेतू अधिक चांगला पूर्ण होईल. त्यासाठी महागडे हेडसेट लागत नाहीत. मोठा पडदा, एक लॅपटॉप आणि 'आता शाळेपाशी न्या, आता विहिरीपाशी थांबवा' हे सांगायचा लोकांचा हक्क एवढं पुरतं.

तिसरी : मॉडेलमागचे आकडे शक्य तेवढे खुले करावेत. सुरक्षेचं कारण पुढे येईल, आणि संरक्षण आस्थापनांच्या बाबतीत ते योग्यही आहे. पण फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची जुनी परवानगीशाही बरीच सैल केली. १ मीटरपेक्षा बारीक आडव्या आणि ३ मीटरपेक्षा बारीक उभ्या अचूकतेची माहितीही भारतीय संस्था आणि कंपन्या गोळा करू शकतात, वापरू शकतात. मग नाल्याच्या काठाची उंची त्याच काठावर राहणाऱ्यापासून कशासाठी लपवायची? आकडे खुले झाले तर इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजांची पोरं दुसरी वाट आखून दाखवतील. सरकारी कॅमेरा पुलावरून गेला, तर त्यांचा पुलाखालून जाईल. दोन्ही पाहून लोक ठरवतील.

कुणी म्हणेल, नागरिकांना एवढं तांत्रिक काय कळणार? हा युक्तिवाद उलटा आहे. समोच्च रेषा, टिफ फाइल आणि सहाशे पानी अहवाल कळत नाहीत म्हणूनच तर फ्लाय-थ्रू हवा. माणसाला उंची आणि अंतर आकड्यांतून नीट कळत नाही, चालताना कळतं. चांगल्या फ्लाय-थ्रूने आकड्यांमधून चालता येतं, आणि ती ताकद फक्त प्रसिद्धी विभागाकडे राहू नये एवढंच.

पुढचा व्हिडिओ आला की काय तपासाल?

फॉरवर्ड करण्याआधी अर्धा मिनिट द्या. आधी सावल्या पाहा. सगळ्या इमारतींच्या सावल्या सारख्या, पण झाडांना सावलीच नसेल तर झाडं नंतर चिकटवलेली आहेत. मग माणसं आणि गाड्या मोजा. तुमच्या रोजच्या चौकात सकाळी दहाला असतात तितक्या आहेत का? रुंद दिसणाऱ्या रस्त्यावर एखादी बस किंवा कार शोधा आणि तिच्या मापाने रस्ता मोजा, कारण पसरट लेन्सचा कॅमेरा गल्लीचाही हायवे करतो. कॅमेऱ्याचा वेगही पाहा. खरा ड्रोन वळताना थोडा डगमगतो, आखलेली वाट लोण्यासारखी गुळगुळीत असते. तुमच्या ओळखीची एक जागा पकडा, वळणावरचं मंदिर, पाण्याची टाकी, पानठेला. ती त्या व्हिडिओत जागेवर आहे का? नसेल, तर ती काढली का आणि कुणाच्या सांगण्यावरून, हा प्रश्न कमेंटमध्ये नाही, वॉर्डाच्या नगरसेवकाला किंवा सुनावणीच्या टेबलावर विचारा.

आणि तुमचं घर नाग नदी, पिवळी नदी किंवा एखाद्या बुजलेल्या नाल्याजवळ असेल, तर आणखी एक मागणी लेखी करा : आमच्या गल्लीतून पाणी कसं जाईल, ते दाखवणारा व्हिडिओ महापालिकेने पुढच्या पावसाळ्याआधी बनवावा आणि त्यामागच्या आकड्यांसह लोकांपुढे ठेवावा. ज्या शहरात उंची मोजणाऱ्या इतक्या संस्था आहेत, तिथे ही मागणी जास्तीची नाही.